गंधक, युरिया आणि आत्याचा गुडघा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (तुला सध्या वाकता येत नाही, म्हणून तुझ्या वाटचंही मीच वाकतो.) ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? चढू नकोस. लेकीकडे गेलीच आहेस तर निवांत राहा, इकडे घाई कसलीच नाही. सगळं ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत. शेताचं सविस्तर लिहितो, आधी पाणी पिऊन घे.

तू जाताना फाटकात थांबून म्हणालीस, हे सूर्यफूल नीट पार पाडलंस तर पुढच्या हंगामापासून शेत तूच कर. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अकरा वर्षं मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लोकांची माती चाळतोय, तिच्यात काय कमी आहे ते कागदावर लिहून देतोय. एकदा तरी आपल्या म्हणाव्या अशा मातीत हात घालावा, असं फार वाटतं गं. (आत्ता उठून शेतात डोकावून आलो. अजून पिवळंच आहे. का पिवळं, ते पुढे येतंय.)

तर झालं असं, की तू गेल्यावर आठवड्याभरात पीक पिवळं पडायला लागलं. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली तर गंधक कमी, हे मी रोज खिडकीतून शेतकऱ्यांना घोकून सांगतो. पण त्या दिवशी पायात ऑफिसचे बूट होते आणि शेतात चिखल, म्हणून मी रस्त्यावरूनच, सायकलवरून न उतरता, निदान करून टाकलं: नत्र. युरिया टाकून मोकळा झालो. तर शेंडे सुधारायचे सोडून आणखी पिवळे! शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर रोज कुंपणाशी येऊन रंग निरखतात. काल म्हणाले, "छटा मात्र छान साधलीस हो."

मग म्हटलं, आता सगळं रीतसर. बूट काढले, शेतात नागमोडी फिरून दहा ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, माती एकत्र केली, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, अगदी नियमाबरहुकूम. आणि उरलेली माती हाताला लागलं त्या रिकाम्या पोत्यात भरली. अहवाल आला: गंधक भरपूर. इतकं भरपूर, की आमच्या साहेबांनी विचारलं, हे शेत आहे की खाण? मग गंधक नाही तर लोह असेल, लोह नाही तर जस्त असेल, अशा शंका काढत मी नऊ दिवस घालवले. शेवटी तुझ्या लाडक्या सूनबाईनं (म्हणजे माझ्या बायकोनं) ते पोतं अंगणात झटकलं आणि पांढरी पूड उडाली. पोतं जिप्समचं होतं. जिप्सम म्हणजे गंधकाचंच खत! आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर 'खताच्या पोत्यात माती आणू नये' अशी पाटी आहे. ती मीच रंगवली आहे. अक्षर बरं आलंय.

दुसरा नमुना सूनबाईच्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यातून नेला. (त्यावरून दोन दिवस अबोला होता.) गंधक हवं त्याच्या निम्मंसुद्धा निघालं नाही. आणि तेलबियांच्या पिकाला गंधक नसेल तर दाण्यात तेल काय भरणार, कपाळ? परवा ओळींलगत जिप्सम टाकून पाणी दिलंय. नवी पानं हिरवी निघायला आठ-दहा दिवस जातील. कळ्या धरायच्या आत निघाली तर मी वाचलो. दिवसातून पाच वेळा जाऊन बघतो. सूनबाई म्हणते, "इतकं निरखू नका, पानं लाजून लाल होतील." मला हसू येत नाही. मी सहाव्यांदा जाऊन बघून येतो.

कळावे. जिवाला जप.

तुझा,
भाचा

ता.क. शनिवारी यायचं म्हणतेस, ते पुढच्या महिन्यावर ढकल. गुडघ्याला प्रवास मानवत नाही, असं डॉक्टर म्हणतात. (मी विचारलं नाही, पण म्हणतील.) आणि सूनबाईला फोनवर शेताचं काही विचारू नकोस, तिला मी गप्प राहायला सांगितलंय.

ता.क. दुसरा. पत्र टाकायला निघालो आणि फाटकात तू गाडीतून उतरताना दिसलीस. घरात न येता काठी टेकत थेट शेतात गेलीस, एक शेंडा वाकवून पाहिलास आणि म्हणालीस, "गंधक. किती दिवसांनी कळलं?" मी म्हटलं, पंचवीस. तू म्हणालीस, "मला पहिल्या खेपेला अख्खा हंगाम गेल्यावर कळलं होतं." आणि आत जाऊन चहा घेत बसलीस. शेताचं काय ठरलं, ते बोललीच नाहीस, आणि विचारायला माझं तोंड उघडत नाही. बाहेर पायरीवर बसून एवढं लिहिलंय, सूनबाईच्या हाती आत पाठवतोय. हो की नाही, तेवढं लिही. खाली जागा सोडली आहे.