शून्य ते शहात्तर

प्रिय आत्या,

बारा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तर हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले. त्यांत मी फारच समजूतदार वाटत होते.

बाबा बरे आहेत. डोळे मात्र गेल्यातच जमा, म्हणून त्यांचं वाचणं-लिहिणं माझ्याकडे. विकत मिळणाऱ्या पहिल्या ऑपरेटिंग सिस्टिम कशा तयार झाल्या, यावर एक पुस्तक निघतंय, त्या करणाऱ्यांच्याच आठवणींचं. एक प्रकरण आपल्या सिस्टिमवर आहे. बाबा सांगतात, मी टाईप करते, त्याच मागच्या खोलीत. माझी खुर्ची भिंत आणि टेबल यांच्यात, त्यांची दाराला टेकून. ते उठल्याशिवाय मला पाणी प्यायलाही बाहेर पडता येत नाही, आणि ते सहसा उठत नाहीत.

याच टेबलाशी तू मला शिकवलंस. मशीन कुरकुरत फ्लॉपी वाचायचं, तेवढ्यात तू माझे पाढे घ्यायचीस. मोजायचं ते शून्यापासून, हा तुझा हट्ट. नवव्या वर्षी शाळेत गेले तेव्हा बाईंनी पाच पेन्सिली मोजायला दिल्या. मी शून्यापासून सुरू करून चारवर थांबले. पाचवी खाल्लीस का गं, असं बाईंनी विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. मी रडत घरी आले, तर तू म्हणालीस, त्यांना म्हणावं, मशीनला विचारा.

बाबांचं सांगणं रंगतं, हे तुला ठाऊकच आहे. एका कंपनीकडे मशीनं होती, ती चालवायला सिस्टिम नव्हती. मग त्यांनी सहा आठवडे या खोलीत कोंडून घेतलं आणि एकट्यानं ती लिहिली. त्यांच्या या सांगण्यात तू एकदाच आलीस, एका ओळीत: बहीण चहा आणून द्यायची. माझी बोटं थांबली. काय गं, मशीन अडलं की तू, त्यांनी विचारलं. मशीन, असं म्हणून मी ती ओळ टाईप केली.

परवा त्यांनी फ्लॉपीची रचना सांगितली. माहिती साठवायचे तिच्यावरचे सत्त्याहत्तर गोल पट्टे, म्हणजे ट्रॅक, एक ते सत्त्याहत्तर. मी कपाटातून सिस्टिमचा तुझा जुना प्रिंटआउट काढून पाहिला. शून्य ते शहात्तर. ज्यानं ती सिस्टिम लिहिली त्याच्या तोंडून झोपेतही 'एक' निघणार नाही. मी हळूच म्हटलं, बाबा, शून्यापासून ना? तर म्हणाले, शून्यापासून कोण मोजतं, वेड लागलंय का तुला?

आणि आत्या, ते खोटं बोलत नव्हते. मला तीच भीती वाटली. दारोदार फिरून त्यांनीच ती सिस्टिम विकली, ती पायपीट खरी आहे. पण इतकी वर्षं सांगून सांगून बाकीचंही त्यांना खरंच आठवायला लागलंय. कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांचं एकट्याचं नाव छापून आलं आणि तू बॅग भरलीस, तेव्हा मी जिन्यात उभी होते. मी तुला थांब म्हणाले नाही. बारा वर्षांची होते, कळत होतं सगळं.

काल प्रकरणाचं प्रूफ आलं. शुक्रवारी परत पाठवायचंय. चहाची ओळ मी खोडली आणि तिथे लिहिलं की सिस्टिम तू लिहिलीस आणि बाबांनी ती विकली. आता सोपी वाट अशी, की त्यांना जुनंच वाचून दाखवावं आणि पाठवावं नवं. त्यांना कधी कळणारही नाही. पण तुझ्या बाबतीत झालं तेच मग मी त्यांच्या बाबतीत करीन. म्हणून उद्या सकाळी, ते दाराशी बसले की, जसं लिहिलंय तसंच मोठ्यानं वाचणार आहे. पत्र तुला मिळेल तोवर वाचून झालेलं असेल. त्यांनी आरडाओरडा केला तर मी सोसेन. घराबाहेर काढलं तर तुझ्याकडे येईन, तू घेशील तर. पण ते नुसतेच गप्प बसून राहिले, खुर्ची न हलवता, तर आत्या, तू ये. तेवढं मला एकटीला जमायचं नाही.

तुझीच,
शंकेखोर भाची