चटणी आणि काटोलचा रस्ता

३ डिसेंबर, मंगळवार
आजही ताटात चटणी नाही! यमू म्हणते, "अहो, वाढली ना! काहून चिडता?" — धडधडीत खोटं! ऑगस्टमध्ये अंगणात घसरून पडलो, डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन झालं — तेव्हापासून ती अशीच. संध्याकाळी झोपाळ्यावरसुद्धा शेजारी बसत नाही. हाक मारली की कुठून तरी "इथंच आहे" येतं. कंटाळली असेल माझं करून करून.

एकदा गाडी हातात आली की सगळं ठीक होईल. दर डिसेंबरात काटोलला तिच्या बहिणीकडे जातो आम्ही. मी कविता म्हणत गाडी चालवायची, तिनं शेजारून संत्र्याच्या फोडी माझ्या तोंडात घालायच्या. पण डॉक्टर म्हणतात, आधी परीक्षा द्या. पंचाहत्तराव्या वर्षी!

५ डिसेंबर
दवाखान्यात परीक्षा घेणारी मयुरा, नातीच्या वयाची. आमच्या वेळच्या चौथीच्या पुस्तकातली कविता वाचायला दिली. घडाघडा वाचली! कुही गावातली माझी शाळा डोळ्यांपुढे आली — सारवलेली जमीन, खिडकीतून येणारा भाताचा वास, मास्तरांचा टेबलावरचा ठेका...
"काका, एकही चूक नाही!"
शनिवारी रस्त्यावर. यमूला म्हटलं, पिशव्या काढून ठेव.

७ डिसेंबर
शिकवायची गाडी. शेजारी शिकवणारा रजत, त्याच्याही पायाशी ब्रेक. मागे मयुरा. मस्त चालवत होतो. गाडी तीनदा आपोआप थांबली.
"आपोआप नाही, काकाजी. ब्रेक मी मारला. ते सायकलवाली पोरगी दिसली नाही काय तुमाले?"
कोणती पोरगी?
होती म्हणे. लाल ओढणीची.

९ डिसेंबर
मयुरानं आज नवा उतारा दिला. अर्थच लागेना. म्हटलं, हल्ली कसंही छापतात! तिनं कागदाच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं. "इथून, काका." — तिथे शब्द होते! ओळींमागून ओळी!

डोळे चांगले आहेत म्हणाली. मेंदूच डावीकडचं सोडून देतो. म्हणजे त्या दिवशी कविता मी वाचलीच नव्हती, नुसती आठवली होती.
"गाडी नको, काका." बोलताना तिचेच डोळे भरले.

किल्ली यमूच्या हातात दिली. तिनं मुठीत धरली. पिशव्या अजून दाराशीच आहेत.

१० डिसेंबर
जेवताना मयुराचं बोट आठवलं. ताट फिरवलं. चटणी होती. लिंबाची फोड, कोशिंबीर, सगळं होतं. रोजच असणार.

संध्याकाळी झोपाळ्यावरून हाक मारली. "इथंच आहे." मान डावीकडे वळवली. आणखी वळवली. यमू हाताच्या अंतरावर वाती वळत बसली होती.
चार महिने!