पेटीची खंडेनवमी

जॉन्सनव्हिल, मंगळवार

ती. मनोरमाताईस,

धाकट्या रणजितचा शिरसाष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सारे धडधाकट आहोत. तुझ्या गुडघ्याला थंडीआधी तरी उतार पडो. (पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या फोनवर पाठवतोय. पत्र फोनवरच लिहिण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही.)

तुला ठाऊकच आहे, वर्षभर मी दर शनिवारी इथल्या एका छोट्या संग्रहालयात बिनपगारी राबतो आणि जुन्या फिरत्या औषधपेट्यांचा इतिहास धुंडाळतो. (ममता म्हणते, "शनिवारी नवरा औषधालासुद्धा सापडत नाही.") डॉक्टर नसलेल्या जहाजांवर बाटल्यांना नुसते आकडे असत. कप्तान पुस्तकात बघून सात नंबर पाजायचा. सात संपलं की तीन आणि चार मिसळायचा, असं खलाशी सांगत. आपले आजोबा निदान नाडी तरी बघत!

तशीच एक जहाजातून आलेली पेटी आमच्याकडे काचेमागे आहे. आजोबा पेटी पाठीवर घेऊन चौदा गावं फिरले, पण खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांनी एक पुडी बांधली नाही. मग ही बिचारी परमुलखात बिनपुजेची बसलेली मला बघवेना. मुद्दाम रजा काढून गेलो. किल्ली माझ्याकडेच होती. झाकणावर हळदीची पाच बोटं ओढली, झेंडू वाहिला, हात जोडले. (उदबत्ती लावली नाही. नियम मलाही कळतात.)

आमच्या प्रमुख डॉनाबाई झाकणाकडे बघून खुर्चीतच बसल्या. "रणजित, हे तू रंगवलंस?" शुक्रवारपर्यंत लेखी माफीनामा द्यायचा, नाहीतर शनिवारचं काम बंद आणि पेट्यांवरचं माझं व्याख्यानही रद्द.

ताई, माफी मी मागणार नाही. जिने माणसं जगवली तिला हात जोडले, यात गुन्हा कसला? रिया म्हणाली, "बाबा, इट्स नॉट इव्हन अवर्स." मी म्हटलं, आमच्या गावच्या शाळेत आम्ही फळा पुजायचो, तो काय आमच्या बापाचा होता? व्याख्यान गेलं तर जाऊ दे. वर्षाची मेहनत देवाच्या पायाशी.

तुझा,
रणजित

ता. क. माळ्यावरच्या आजोबांच्या पेटीचा फोटो शुक्रवारच्या आत पाठव. झाकणावरचे हळदीचे थर नीट दिसू देत. हळदीने लाकूड टिकतं, असं मी बाईंना लिहून दिलंय. (आतलं मेतकूट आधी काढ.)

पुन्हा ता. क. झाकण वाळवीने खाल्लं असेल, तर फोटो राहू दे. लाकडावरची हळद कशाने निघते, तेवढं कळव. मी पुसणार नाहीच. नुसती माहिती असावी. गुरुवारपर्यंत कळव.