बोळाला दार बसवायचे नाही

मी, खाली सही करणारी, वय ब्याऐंशी, धंदा चुन्याचा गिलावा (गुडघ्यांमुळे बंद), हे पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरचा दाखला जोडला आहे. त्याने मला वार आणि तारीख विचारली. मीही त्याला विचारली. तारीख त्याची चुकली.

वकिलाने टाइप करून आणलेला कागद मी परत केला. त्यात तीन ठिकाणी "इत्यादी" होते. इत्यादीमधून काय काय पसार होते ते मला माहीत आहे. शिक्षण चौथी, तरी हे माझे मीच लिहिले आहे.

एक. घर माझ्या कमाईचे. वडिलोपार्जित त्यात एक वीटही नाही. हातभर जाड मातीच्या भिंती, वर चुना, मधे अंगण, त्यात झाड, छपराचे पाणी हौदात. बाजाराच्या रस्त्यावरून बसथांब्याकडे जाणारा बोळ अंगणातूनच जातो. तो मीच सोडला. वाऱ्याला आत यायला वाट हवी, आणि वाट दिसली की माणसेही येतात.

दोन. बिल्डरने चित्र आणले. वीस मजले काच, गॅलरीगणिक झुडूप. "आजी, माणसांचं निसर्गाशी नातं जोडणारी इमारत आहे." मी विचारले, रस्त्यावरच्या माणसाने आत कुठून यायचे? म्हणाला, "छे, छे! गेटवर वॉचमन असेल ना." असले नाते मला नको.

तीन. मुलगा. मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा त्याने मागच्या भिंतीला सिमेंट फासले. मातीवर सिमेंट लावले की ओल आत कोंडते, हे तो शाळेत जायच्या आधीपासून जाणतो. माझ्या कामावरच वाढला. चार महिन्यांत भिंत फुगली. मग म्हणतो, "आई, ओल आली गं. घर धोक्याचं झालं." मी म्हटले, "तिला रेनकोट घालून उन्हात बसवलंस, घाम नाही येणार?" म्हणे, चूक झाली. त्याच आठवड्यात बिल्डरचा इंजिनीअर भिंत बघायला कसा आला, ते मात्र अजून सांगितलेले नाही.

चार. मुलीची मुलगी. घरे बांधायचे शिकली आहे. टेप घेऊन आली, म्हणाली, "आजी, तुझं घर किती पर्यावरणपूरक आहे!" मी म्हटले, "काय विकायचंय?" काही नाही, असे तिचे म्हणणे. नऊ दिवस छिन्नीने तिने सगळे सिमेंट काढले. चुना मात्र तीनच दिवस भिजवून लावला. महिनाभर मुरावा लागतो. भिंतीवर फोड उठले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माझंच चुकलं, परत करते." खरवडले आणि महिना थांबून परत केले. चूक कबूल करणारे पुष्कळ पाहिले, निस्तरणारी ही पहिलीच. तरी नजर ठेवावी. फोटो फार काढते.

पाच. म्हणून घर नात आणि सून, दोघींना मिळून. सून नातीला आगाऊ म्हणते, नात मामीला हेर. दोघी एका कागदावर कधी सही करायच्या नाहीत, हाच घराचा विमा. शिवाय सून रोज संध्याकाळी हौदाच्या काठावर चार बायकांत बसते. विसाव्या मजल्यावर तिला कोण विचारणार, हे तिला नवऱ्याआधी कळले आहे.

सहा. थापी, चाळण आणि मुरत घातलेला चुना नातीला. बँकेत असेल ते भिंतींच्या डागडुजीला. औषधवाल्याने बोळात ठेवलेले दोन खोके मी जिवंत आहे तोवर हलवावेत. नंतर तिथे त्याचे दुकान निघेल.

सात. मुलाला घरात वाटा नाही. बोळातून यायचा-जायचा हक्क आहे, रस्त्यावरच्या कोणाही माणसाला आहे तेवढाच. रात्री ठेवून घ्यायचे की नाही ते बायकोने बघावे. उन्हातून आला तर झाडाखाली बसवावे, पाणी विचारावे. खिशातून कागद काढला तर उठवावे.

साक्षीदार: १. बोळातून रोज कामाला जाणारी नर्स. २. समोरचा चष्मेवाला.
(बिल्डर न बोलावता साक्षीला आला होता. त्याला बसथांबा दाखवला.)

ठिकाण: घरचे अंगण. दिनांक: नऊ फेब्रुवारी.

सही: माझीच. पेनही माझेच.