खाटेखालचा सिलिंडर

अष्टमी गाव, रविवार, संध्याकाळ

आज शेजारची सुमन निरोप घ्यायला आली. उद्या मुलींना घेऊन जोह्याला माहेरी चाललीय, कायमची. कोरोनात तिचा नवरा गेला, त्याला महिना झाला.

त्या दुपारी ती दारात रडत उभी होती. "बाई, तुमच्याकडं ऑक्सिजनचा सिलिंडर हाय ना? यांना श्वास घेता येत नाय."

होता. खाटेखाली, भरलेला. आमचे हे दोन दिवसांपूर्वीच बरे झाले होते, उठून जेवायला बसत होते. पण पुन्हा त्रास झाला तर? मी म्हणाले, "रिकामा आहे गं. मी प्रार्थना करते." आणि खरंच केली. त्याच खाटेजवळ गुडघे टेकून! सिलिंडर माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. तेव्हा लाज कशी नाही वाटली मला? दिवेलागणीला तो गेला.

आज सुमनने माझे दोन्ही हात धरले. "बाई, तेव्हा आम्हाला कुणी दारात पण उभं केलं नाय. तुम्ही देवाजवळ शब्द टाकलात. मी विसरणार नाय."

ऐकवेना. मी म्हणाले, "सुमन, सिलिंडर भरलेला होता."

 तिने हात सोडवून घेतले आणि ती निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते, असं मी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. आज सकाळीही शिकवलं. प्रभू मला क्षमा करीलही. पण सुमनने क्षमा करण्याआधी ती मी कोणत्या तोंडाने घेऊ?