स्टेशन चार

४ मार्च

नाही सापडत! आठवडाभर गोदामात स्टॉपवॉच घेऊन फिरतेय — कुठे काही अडतच नाही. माल येतो, रॅकवर चढतो, ऑर्डर निघते, पॅक होते, ट्रकमध्ये जाते. सगळं एकदम स्मूथ. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला रडू येतंय.

सप्लाय चेनच्या सर्टिफिकेटला नुसती परीक्षा नाही ना, प्रोजेक्ट पण आहे. तुमच्या कामाच्या जागी एक बॉटलनेक — म्हणजे जिथे काम तुंबतं ती जागा — शोधा, मोजा, उपाय सांगा. आणि बॉटलनेकच नसला तर? याचं उत्तर पुस्तकात नाही!

सर्टिफिकेट मिळालं तर मॅनेजर मॅडम मला प्लॅनर करणार. नाहीतर आहेच — आयुष्यभर खोक्यांवर लेबलं चिकटव.

आमचा सुपरवायझर — सगळे त्याला सायरन म्हणतात, एकदा सुरू झाला की बंद होत नाही — सर्वांसमोर म्हणाला, "काय प्रोफेसरबाई, सापडलं का? नाहीतर तुम्हीच दारात आडव्या पडा, माल आपोआप अडेल!"

५ मार्च

जेवताना दादासमोर रडलेच. त्यानेच मला या गोदामात चिकटवलं. लोडिंगमध्ये त्याची पाठ गेली तेव्हा मॅडमनी त्याला पॅकिंगचं टेबल दिलं, बसून करायचं काम. काचेच्या लॅम्पशेड गुंडाळतो.

"अडेल गं येडे. कुठेतरी अडेलच," म्हणाला.

वहिनी — "हिच्या परीक्षेसाठी आता गोदाम बंद पाडायचं का?"

वहिनी म्हणजे आमच्या घरातलं क्वालिटी इन्स्पेक्शन. तिच्या हातून काहीच पास होत नाही.

८ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!!

पॅकिंगचं चौथं टेबल. मागे खोक्यांचा ढीग, पुढची माणसं हात बांधून उभी, ट्रक ताटकळतोय. असा सुंदर ग्राफ आलाय — अगदी पुस्तकातल्यासारखा!

चौथ्या टेबलावर दादा बसतो.

पण रिपोर्टमध्ये नाव लिहायचंच नसतं. 'स्टेशन चार' लिहायचं. दोष प्रोसेसमध्ये असतो, माणसात नाही. पहिल्याच चॅप्टरमध्ये आहे.

११ मार्च

परत मोजलं. अजून हळू!

दादाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभी होते. तो वळून म्हणाला, "मॅडम, नीट मोजा हां." सायरन त्याच्या अंगावर खेकसला — "झोप येतेय का रे? पलंग आणून देऊ?" आणि खरं सांगते, मला सायरनचं पटलं. वाटलं, काय हे, किती वेळ लावतो एका खोक्याला! लाज पण वाटली — आपला भाऊ म्हणून.

घरी वहिनी म्हणाली, "भावाच्या डोक्यावर घड्याळ घेऊन उभी राहणारी बहीण पहिल्यांदाच बघतेय." हिला डेटा म्हणजे काय ते काय कळणार.

१२ मार्च

दादाला विचारलं — तुझंच टेबल आहे, चालेल ना?

"लिही की बिनधास्त! मला थोडीच परीक्षा द्यायचीय."

लिहिलं. पाठवलं.

२ एप्रिल

पास!!! परीक्षेत पण, प्रोजेक्टमध्ये पण. शेरा आलाय — 'निरीक्षण अत्यंत अचूक'. आईने शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं. काय पास झाले ते तिला सांगता आलं नाही, पण सांगितलं.

मॅडमनी रिपोर्ट बोर्डावर लावला. जेवणाच्या सुट्टीत सायरन ओरडला, "ओ स्टेशन चार! चहा घेणार की तोही उद्या संपवणार?" सगळे खो खो हसले. दादा पण हसला. मी पण.

५ एप्रिल

प्लॅनर झाले! केबिनमध्ये खुर्ची मिळाली, चाकांची.

मग मॅडम म्हणाल्या, "पहिलं काम. स्टेशन चारवर नवीन मुलगा बसव. आधीच्याला लोडिंगला पाठव."

मी म्हटलं, मॅडम, त्याची पाठ...

"तुझ्या रिपोर्टमध्ये पाठ कुठेय?"

नाहीये. खरंच नाहीये.

"आणि त्याला तूच सांग. प्लॅनर तू आहेस ना आता?"

नळापाशी गाठलं. डबा धूत होता. सांगितलं. म्हणाला, "बरं." डबा पुसला, झाकण लावलं. मग — "कधीपासून?"

सोमवारपासून, म्हटलं.

८ एप्रिल

दादा दुपारपर्यंतच टिकला. दोघांनी काखेत धरून गाडीत बसवलं. सायरन म्हणाला, "स्टेशन चार कायमचं बंद!" यावेळी कुणी हसलं नाही.

९ एप्रिल

दादा पालथा पडून आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाव काढू नका. मॅडमना कळवलं. "मग राजीनामा आणून दे त्याचा."

कागद घेऊन आले. वहिनीने तो हातातून ओढला आणि फुटलीच.

"तुझ्यासाठी मुद्दाम हळू करत होता तो! तू घड्याळ घेऊन उभी राहिलीस की एकच खोकं तीन-तीनदा उघडून बांधायचा. घरी येऊन हसायचा माझ्यापाशी — आज बाईसाहेब जाम खूश झाल्या म्हणून! इतकी वर्षं कधी ट्रक अडला होता का त्याच्या टेबलापायी? अगं, शिकलीस ना तू?"

दादा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "गप बस गं तू."

मग माझ्याकडे न बघताच — "पेन दे."

१० एप्रिल

खरं सांगितलं तर आकडे खोटे. आकडे खोटे तर प्रोजेक्ट खोटा. सर्टिफिकेट जाणार, खुर्ची जाणार.

पण दादाचं टेबल परत मिळेल. बसून करायचं काम आहे. ते त्याला अजूनही जमेल.

उद्या मॅडमना सांगायचं. सकाळीच.

११ एप्रिल

मॅडमनीच बोलावलं. नवीन मुलाचे आकडे हातात, चेहरा खुललेला. "बघ, केवढा फरक पडलाय! आधीचा खरंच इतका हळू होता का गं?"

मी म्हटलं, हो मॅडम.