थोरलीचा दिवा

मी, विनिफ्रेड ऑस्ट्रँडर, वय शहात्तर, धंदा शेती, राहणार मटोल नदीच्या वरच्या अंगाचा डोंगर, हंबोल्ट काउंटी, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कालपासून गांजाचा एक झुरकाही घेतलेला नाही, हे मुद्दाम नमूद करते, कारण माझ्यासारखीच्या कागदावर पहिली शंका तीच निघणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंदाची पानगळ दिसेल असं धरून चालू नका, म्हणून जूनमध्येच लिहायला बसले. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात लिहिलं होतं आणि त्यात सगळं शेळ्यांना दिलं होतं.

१. घर, त्याखालचा डोंगर आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणारं वीज बनवायचं यंत्र माझी एकुलती मुलगी लार्क हिला. ती युरेकाला शाळेत शिकवते. छप्पर उत्तरेकडून गळतं, बादली कुठे ठेवायची ते तिला ठाऊक आहे. रेडवुडची मोठी झाडं तोडू नयेत.

२. ट्रक दरीतल्या आगीच्या बंबवाल्यांना. ब्रेक दोनदा दाबावा लागतो.

३. कळ्या साफ करायच्या कात्र्या दर ऑक्टोबरात माझ्या टेबलाशी बसणाऱ्या बायकांनी वाटून घ्याव्यात. भांडायचं असेल तर बाहेर अंगणात भांडावं. बाहेर पाऊस, चुलीवर घेवड्याचं सूप, मक्याचा पाव, आणि सगळ्यांची बोटं चिकट. बोलता बोलता कोणीतरी मध्येच गप्प व्हायची आणि आम्ही सगळ्याच तिच्याबरोबर गप्प व्हायचो. या घरातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

४. आता थोरली. हा कागद मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

थोरली म्हणजे मागच्या खोलीतलं गांजाचं झाड. बाजारात तिच्या वाणाला फॉग बेल म्हणतात, कारण तिचा धूर घेतला की जगाचा आवाज धुक्यातल्या समुद्रावरच्या घंटेसारखा लांबून आणि मऊ यायला लागतो. थोरली हे नाव लार्कने ठेवलं, कौतुकाने नव्हे. झाड तिच्या जन्माआधीपासून घरात होतं आणि तिला वाटायचं, सकाळी उठल्यावर आई आधी त्या खोलीत डोकावते. डोकावायचीच.

आमच्याकडे नर रोप ओळखू आलं की उपटतात. त्याचा पराग लागला की मादी बी धरते, आणि बी धरलं की कळी कामातून गेली. सगळ्या डोंगराला हे पाठ. पण अठ्ठ्याऐंशी साली शेजारच्या एमेट हॉलबर्गने एक नर तसाच ठेवला. का, तर म्हणे, "विनी, इतका देखणा होता गं, हात धजेना!" तो देखणा वाऱ्यावर फुटला आणि माझं अख्खं पीक बियांनी भरलं. तो हिवाळा मी नुसत्या घेवड्यावर काढला. एमेटला मी माफ केलेलं नाही आणि या मृत्युपत्रानेही करत नाही.

त्याच बियांतून थोरली उगवली. माझी जुनी रोपं उंच, सडसडीत, उशिरा पिकणारी. त्यांचा धूर माणसाला आभाळात नेऊन सोडायचा आणि परत आणायला विसरायचा. एमेटचा नर हिंदुकुशाकडच्या बुटक्या, रुंद पानांच्या जातीचा, अंगाला जड, पण पावसाआधी पिकणारा. थोरलीने दोघांचं घेतलं. डोकं तरंगतं, पाय मात्र घरातच राहतात. पान चोळलं तर आधी आंब्याच्या सालीचा वास येतो, मागून रॉकेलचा.

संकरित वाणाची बी पेरली तर लेकरं आईसारखी निघत नाहीत. एखादं आजोबांवर जातं, एखादं कोणावरच जात नाही. आई आहे तशीच हवी असेल तर तिची फांदी तोडून रुजवायची. म्हणून थोरली मेली नाही. जुनी थकली की तिचीच फांदी तिच्या जागी उभी राहते. आणि तिला फुलू द्यायचं नाही, कारण फुलली की संपली. रात्री लांबल्या की ही जात फुलते, म्हणून तिच्या खोलीत मी रात्रच होऊ दिली नाही. तो दिवा मी कधी मालवला नाही.

हिवाळ्यात आठवडाभर पाऊस कोसळत असला की मी तिथे खुर्ची टाकून बसते. तिथे कायम जून महिना. दिव्याची गुणगुण चालू असते, पानं अगदी हळू हलतात, आणि माझा डोळा लागतो. जागी होते तेव्हा मी चाळिशीची असते, ओढ्याकडून कोणीतरी हाक मारत असतं, आणि मला उठायची घाई नसते. मग गुडघा ठणकतो आणि कळतं, हाक नव्हती, पाऊस होता.

५. वसंतात एका कंपनीचा मुलगा आला होता. बूट इतके स्वच्छ की शेळ्या बघत राहिल्या. म्हणाला, "मॅडम, तपासणीत तुमच्या वाणाची ताकद एकतीस टक्के आली. थोडी वाढवता येईल?" मी म्हटलं, "बाळा, आहे तेवढी आधी घेऊन बघ. एकच झुरका, आणि मग थांब." त्याने लगेच दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या कपडे धुण्याच्या यंत्राला टेकून त्याला आपल्या आजीच्या गोष्टी सांगत होता. ताकद आहेच तिच्यात, नाही कोण म्हणतं? पण अशा झाडाजवळ हळू जायचं असतं, हे आकडा सांगत नाही. सबब त्या किंवा कोणत्याही कंपनीस थोरलीची एकही फांदी देऊ नये.

६. लार्क लहान असताना गांजा बेकायदा होता, दर ऑगस्टात पोलिसांची हेलिकॉप्टरं यायची. मी आधी थोरलीला उचलून दरडीखाली न्यायची आणि मग लार्कला हाक मारायची. शाळेत तिला सांगायला लावलं होतं, आई गुलाब वाढवते. गेल्या नाताळात भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आई, तिचा दिवा तू कधी मालवला नाहीस. माझा मात्र आठ वाजता बंद करायचीस, जनरेटरचं डिझेल वाचवायला."

मी म्हटलं, "तुला झोप लागायची."

"लागायची नाही. मी तिच्या दाराखालचा उजेड बघत पडायची."

मी धुतलेलीच बशी पुन्हा धुतली.

म्हणून लिहून ठेवते. माझ्या मागे थोरलीचा दिवा लार्कने मालवावा, दुसऱ्या कोणी नाही. तिला बाहेर न्यावं, आधी ओकच्या सावलीत, कारण तिला खरं ऊन माहीत नाही, पानं भाजतील. तिला पानगळ बघू द्यावी, फुलू द्यावं, बी धरू द्यावं. मग ती संपेल आणि लोक बोंब मारतील. मारू देत. तिच्या लेकरांतलं कुठलं ठेवायचं, की एकही नाही, हे लार्क ठरवेल. ती जे ठरवेल ते मला मान्य आहे.

७. बी धरायला नर लागतो. त्या देखण्याच्या घराण्याचं बी एमेटच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या मागे, कॉफीच्या डब्यात आहे. तो नाही म्हणेल. मी डबा पाहिलेला आहे. पराग वाऱ्यावर सोडू नये. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात, दार लावून, ब्रशने, एकाच फांदीला लावावा. बियांनी नासावं असं पीक आता दरीत फारसं कोणाचं उरलेलं नाही, तरीही.

साक्षीला बोलावलं नाही म्हणून एमेट फुगला आहे. काल कुंपणापाशी म्हणाला, "एवढ्या वर्षांचा शेजारी मी, आणि पोस्टातल्या डोरीनला बोलावतेस?"

"ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेत नाहीत, एमेट."

"मला काय मिळणार तुझ्याकडून? शिव्या?"

"सून," मी म्हटलं. "थोरली. नात्यातलीच आहे, पण झाडांना चालतं."

मग टोपी काढून म्हणाला, "म्हणजे आपण व्याही की, विनी!"

अठ्ठ्याऐंशीपासून आहोत. त्या गाढवाला आत्ता कळलं.

पुरवणी. सह्या व्हायच्या आधी लिहिते आहे.

बाब सहामधील "माझ्या मागे" हे शब्द रद्द. साक्षीदार आले, त्यांच्या पाठोपाठ लार्क आली. टेबलावरचा कागद तिने उभ्यानेच वाचला आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"तू नसताना मी एकटीने मालवू? मला नाही जमायचं. आत्ता चल."

"अगं, सह्या व्हायच्यात."

"थांबतील सह्या."

बटण तिने दाबलं. गुणगुण थांबली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच ओढा ऐकू आला. आम्ही दोघींनी कुंडी दोन बाजूंनी धरली, डोरीनने दार धरलं. आता ती ओकखाली उभी आहे आणि अंधार पडायला लागलाय. लार्क पायरीवर माझ्या शेजारी बसली आहे. तिने विचारलं, "तिला भीती वाटत असेल का गं?" मी म्हटलं, "वाटत असेल." लार्कने माझा उजवा हात धरला. मी कागद मांडीवर ठेवून डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल ते चालवून घ्यावं.

लार्क आज इथेच झोपणार आहे. तिच्या जुन्या खोलीतला दिवा रात्रभर जळू द्यावा. ओढ्याला पाणी आहे.

सही: विनिफ्रेड ऑस्ट्रँडर

वरील बाईंनी आमच्या समोर, शुद्धीत आणि डोळे पुसून सही केली. आम्हांला यातून काहीही मिळत नाही, मक्याचा पाव मिळाला तो आधीच खाल्ला.

साक्षीदार: डोरीन काफ्री, पोस्टमास्तर
साक्षीदार: टोबायस लिंडक्विस्ट, जनावरांचा डॉक्टर

स्थळ: घराची पायरी, मटोलचा डोंगर
दिनांक: ९ जून २०२४